नियमपुस्तिकेची सवत

मी एक नियमपुस्तिका आहे. एका कॉलेजातल्या पदव्युत्तर इतिहास विभागाची. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय, पण माझ्या पहिल्या पानावर औरंगाबाद छापलेलं आहे, आणि छापलेलं मला पुसता येत नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करते. माझा स्वभाव चांगला नाही. मी आयुष्यभर एका वहीचा हेवा केला. माझी कहाणी म्हणजे त्या हेव्याचीच कहाणी आहे.

माझा जन्म १९६८ सालचा, गुलमंडीजवळच्या एका छापखान्यातला. एकशे बारा पानं, निळी कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. छापणाऱ्यानं मला उन्हात धरून बघितलं होतं आणि म्हणाला होता, "झकास झालंय काम." मला वाटलं, आता आपल्या आयुष्याला तोटा नाही. एम. ए. करणाऱ्या प्रत्येकाचं नशीब माझ्या पोटात होतं. किती हजेरी लागते, किती गुणांना पास, अठ्ठेचाळीसला द्वितीय श्रेणी, पंचावन्नला उच्च द्वितीय, साठला प्रथम. पंचावन्न मिळाले तर माणूस कॉलेजात प्राध्यापक व्हायचा. चोपन्न मिळाले तर आयुष्यभर तो एक गुण सांगत फिरायचा.

मला वाटलं, लोक माझ्यासाठी रांग लावतील.

रांग लागायची, पण ती माझ्यासाठी नव्हे. विभागाच्या कचेरीत कमरोद्दीन नावाचे कारकून होते. निजामाच्या काळात नोकरीला लागलेले, १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर सरकार बदललं तरी तेच टेबल धरून बसलेले. विद्यार्थी त्यांना चाचा म्हणायचे. त्यांच्या खणात एक वही असायची. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, अत्तराचा आणि पानाचा वास येणारी. रोज घरी जायच्या आधी ते तीत चार ओळी लिहायचे. आज कुठला तास झाला, कुठला झाला नाही, कन्नडहून येणारी एस. टी. बंद पडली म्हणून कोण उशिरा आलं, कुणाला कशाची परवानगी दिली.

विद्यार्थी यायचे आणि म्हणायचे, "चाचा, बघा की तुमच्या वहीत."

माझ्याकडं कुणी बघायचं नाही. मी कपाटात, काचेच्या मागं. वही उर्दूत होती, पोरांपैकी फारच थोड्यांना वाचता यायची, तरी सगळे तिच्याभोवती. मी शुद्ध मराठीत, ठळक अक्षरांत, आणि माझ्यावर धूळ. चाचांनी सात वर्षांत मला किती वेळा उघडलं असेल? एकदाही नाही. झटकायचे, पुसायचे आणि परत ठेवायचे. त्यांचा हात माझ्यावरून फिरायचा तेव्हा मला बरं वाटायचं, आणि लगेच तोच हात खणाकडं जायचा तेव्हा माझी पानं जळायची. सवत म्हणतात ती हीच.

१९७५ साली विभागाला नवे प्रमुख आले. त्यांना सगळे नानासाहेब सर म्हणत. मूळचे कन्नड तालुक्यातले, नांदेडला पंधरा वर्षं शिकवून आलेले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "विभागाचे नियम कुठं आहेत?"

शिपाई कडूबानं माझ्याकडं बोट दाखवलं. "ती निळी. कपाटात हाय, सर. कुणी काढीत नाय तिला."

सरांनी मला काढलं. घरी नेलं. खाकी कागदाचं कव्हर घातलं. लाल पेन्सिलीनं ओळींखाली रेघा मारल्या आणि चार दिवसांनी परत कपाटात आणून ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी पहिल्या पानापासून वाचलं होतं. काय सांगू तुम्हाला, मी त्यांच्यावर जीव टाकला.

दुसऱ्या आठवड्यात त्यांना ती वही दिसली.

"हे काय आहे?"

"माझी टिपणं आहेत, सर," कमरोद्दीन म्हणाले. "रोजची."

"कचेरीत खासगी टिपणं नकोत. ज्याला जे विचारायचंय ते पुस्तिकेतून बघा."

कमरोद्दीनांनी वही मिटून खणात ठेवली. सरांनाच वाटलं असावं की आपण जास्त बोललो. खुर्ची ओढून ते टेबलाशी बसले.

"राग मानू नका, कमरोद्दीनभाई. माझ्या वर्गात एक मुलगा होता. हजेरी माझ्याहून कमी. पण वडलांचं वजन होतं. त्याला परीक्षेला बसू दिलं, आणि मला एक वर्ष घरी बसवलं. मी बैलामागं चालत काढलं ते वर्ष. तेव्हापासून मला एक समजलंय. गरिबाला वशिला नसतो, त्याचा वशिला म्हणजे नियम. असल्या वह्यांतून ओळखीच्यांच्या सोयी होतात."

"व्हय, सर," कमरोद्दीन म्हणाले. संध्याकाळी त्यांनी वही पिशवीत घातली आणि घरी नेली. मी काचेमागून बघत होते. मला इतका आनंद झाला की लाज वाटावी.

त्या वर्षी दुसऱ्या वर्षाला नजमुन्निसा नावाची विद्यार्थिनी होती. दौलताबादची. तिचे वडील चांदपाशा हे किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू आणि सीताफळं विकायचे. लग्न झालेलं होतं, तरी नवऱ्यानं आणि सासरच्यांनी शिकू दिलं होतं. रोज एस. टी.नं यायची. पहिल्या वर्षी वर्गात तिसरी आली होती. ऑक्टोबरात तिला मुलगी झाली. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत ती येऊ शकली नाही. जानेवारीत आली ती जाडजूड वह्या उतरवून घेत, बुडालेला अभ्यास भरून काढत.

फेब्रुवारीत परीक्षेच्या अर्जांची वेळ आली. नानासाहेब सरांनी सगळ्यांची हजेरी स्वतः काढली. वेळापत्रकाप्रमाणं वर्षाचे तास दोनशे चाळीस. नजमुन्निसाची हजेरी एकशे चौतीस. म्हणजे शंभरात छप्पन्नसुद्धा भरत नव्हती. माझं म्हणणं स्पष्ट होतं. पंचाहत्तर टक्के लागतात. आजारपण किंवा बाळंतपण असेल तर साठपर्यंत प्रमुखांना सूट देता येते. साठच्या खाली कुणालाच नाही.

फळ्यावर यादी लागली. 'अपात्र' या शब्दाखाली एकच नाव होतं.

आता माझा गुन्हा सांगते. त्या यादीत चूक आहे हे मला ठाऊक होतं. माझ्या पोटात एक ओळ होती, सरांची लाल पेन्सिल तिच्याखालून गेलेली नव्हती. पण ती ओळ कुणी वाचली असती तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर माझ्यात नव्हतं. ते त्या वहीत होतं. लोक परत तिच्याकडं गेले असते. म्हणून ती ओळ कुणाला दिसू नये असं मला वाटत होतं. एका बाईचं वर्ष बुडत होतं, आणि मी माझ्या सवतीचं तोंड बघायला लागू नये म्हणून देव पाण्यात घालून बसले होते.

कडूबा कमरोद्दीनांना म्हणाला, "चाचा, तुमच्या वहीत असंल की काही. त्या पोरीनं लई सोसलंय."

कमरोद्दीन फायलींकडं बघत राहिले. "मैं बोला तो लोगां क्या बोलते, कडूबा? म्हणतील, आपल्या समाजाची पोरगी म्हणून बोलला. सर तर म्हणतीलच. त्यांनी मला आधीच सांगितलंय."

"मग गप बसणार?"

कमरोद्दीनांनी पुढची फाईल उघडली.

दुसऱ्या दिवशी नजमुन्निसा आली. चार महिन्यांची मुलगी खांद्याशी झोपलेली. सरांच्या टेबलापुढं उभी राहिली. मला वाटलं, आता रडणार, हात जोडणार. बाकीचे तसंच करायचे.

ती म्हणाली, "सर, मला ती नियमपुस्तिका बघायचीय."

"त्यात काय आहे ते मी सांगितलंय ना तुम्हाला."

"सांगितलंय. पण मी स्वतः वाचलं नाही. वर्ष माझं जाणारंय, सर. एकदा वाचू द्या."

सरांनी कपाट उघडलं. मग त्यांनी मला तिच्या हातात दिलं. मी आठ वर्षांची होते तेव्हा, आणि त्या आठ वर्षांत कुणाही विद्यार्थ्यानं मला हातात घेतलं नव्हतं. खांद्यावर मूल, एका हातानं पानं उलटणं तिला जमेना. हजेरीचं प्रकरण लांबलचक आहे, पोटकलमांत माणूस हरवतो. ती पुढं जायची, परत मागं यायची. पाच मिनिटं झाली. सर घड्याळाकडं बघायला लागले.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून, मान वर न करता, कमरोद्दीन म्हणाले, "पान बेचाळीस. वरून तिसरी ओळ."

सर त्यांच्याकडं वळले.

"तुम्ही तर ही कधी उघडत नाही," सर म्हणाले.

"छापायच्या आधी तपासायला कच्ची प्रत आली होती, तीवरूनच पाठ केली, सर. रोज विचारायला पोरं येणार. दर वेळी उघडून बघत बसलो असतो तर त्यांचा वेळ गेला असता."

मी काय सांगू? ज्या माणसानं मला कधी विचारलं नाही म्हणून मी जळत होते, त्याला मी अक्षरन् अक्षर पाठ होते.

नजमुन्निसानं वाचलं. "हजेरीची टक्केवारी प्रत्यक्ष घेतलेल्या तासांवर काढावी." तिनं मान वर केली. "सर, वेळापत्रकावरचे नाही. घेतलेले. बरेच तास तर झालेच नव्हते. हजेरीपटावर ते चौकोन रिकामे असतील."

सरांनी हजेरीपट ओढला. रिकामे चौकोन होते. पण तास झाला नाही, की झाला आणि हजेरी घ्यायची राहिली, हे चौकोनावरून कळत नव्हतं.

"कुणाकडं नोंद आहे का?" त्यांनी विचारलं. विचारताना त्यांना उत्तर माहीत होतं.

कमरोद्दीन उठले. "माझ्याकडं आहे. घरी. तिथंच लिहितो आता रोज. सायकलवर जाऊन आणतो."

अर्ध्या तासानं ते आले, घामानं भिजलेले. पिशवीतून माझी सवत बाहेर निघाली. सरांच्या टेबलावर, माझ्या शेजारी ठेवली गेली. तिचा तो वास.

"मी वाचून दाखवतो," कमरोद्दीन म्हणाले. मग तेच अडखळले. "पण माझ्या वाचण्यावर तुमचा भरवसा कसा बसावा, सर? दुसऱ्या कुणाला बोलवा. शहागंजातून कुणी मौलवीसाहेब..."

"द्या इकडं," नानासाहेब सर म्हणाले. "निजामाच्या राज्यात शाळा शिकलोय मी. सातवीपर्यंत उर्दूतच होतं सगळं."

त्यांनी वही उजवीकडून उघडली. सत्तावीस वर्षांत बहुतेक ती लिपी वाचली नसावी. आधी बोट ठेवून, अक्षर जुळवत वाचत होते, मग वेग आला. कागदावर काट मारत गेले. एक, दोन, पाच. मग एका पानाशी थांबले.

ते त्यांनी मोठ्यानं वाचलं. "'नवे साहेब अजून रुजू झाले नाहीत. मुलं येऊन बसली, परत गेली.' हे माझ्याबद्दल आहे."

"जी," कमरोद्दीन म्हणाले.

"अठरा तास. न झालेल्या बत्तीस तासांतले अठरा माझेच."

खांद्यावरची मुलगी जागी झाली आणि कुरकुरली. सरांनी आकडे मांडले. घेतलेले तास दोनशे आठ. हजेरी एकशे चौतीस. चौसष्ट टक्के. त्यांनी डॉक्टरचं सर्टिफिकेट मागून घेतलं, हजेरीतल्या सवलतीच्या अर्जावर सही केली आणि कागद तिच्याकडं दिला.

"बाई, मी तुमच्यावर मेहरबानी केलेली नाही. नियमात होतं."

"मेहरबानी मागायला मी आलेच नव्हते, सर," नजमुन्निसा म्हणाली. मुलीला सावरत ती पटकन बाहेर गेली.

कडूबानं स्वतः जाऊन फळ्यावरची यादी फाडली.

सर कमरोद्दीनांना म्हणाले, "तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

सरांनी विचार केला. "नाही," ते म्हणाले. "वही उद्यापासून इथंच ठेवा."

नजमुन्निसाला छप्पन्न टक्के पडले. उच्च द्वितीय श्रेणी. पुढं ती पैठणला मुलींना इतिहास शिकवायला लागली असं कडूबानं कुणाला तरी सांगताना मी ऐकलं.

तुम्हाला वाटेल, त्या दिवसानंतर माझा हेवा संपला. नाही संपला. उलट वाढला, फक्त त्याची जात बदलली. पूर्वी मला वाटायचं, लोक तिला विचारतात आणि मला नाही. आता मला कळलं होतं की तिच्यात जे होतं ते माझ्यात कधीच येणार नाही. काय व्हावं ते मी सांगते. काय झालं ते तिला ठाऊक असायचं. कुणी वाट बघून परत गेलं, कुणाची गाडी चुकली. माझ्या एकशे बारा पानांत एकही माणूस नाही हो.

१९८३ साली कमरोद्दीन निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी सरांनी त्यांना हार घातला आणि म्हणाले, "वही विभागाला देऊन जा."

कमरोद्दीन हसले. "ती माझी आहे, सर. ही विभागाची." जाताना त्यांनी मला कपाटातून काढलं, रुमालानं पुसलं आणि परत ठेवलं. वही पिशवीत गेली. नंतर तिचं काय झालं मला माहीत नाही. तिला तिच्या माणसानं घरी नेलं, एवढंच माहीत आहे, आणि तेवढंही मला सहन होत नाही.

माझ्यानंतर नियम पाच वेळा बदलले. सत्र पद्धत आली, श्रेयांक आले, गुणांच्या जागी अक्षरं आली. आता नियम संगणकावर असतात. मी ग्रंथालयाच्या मागच्या लोखंडी कपाटात आहे. वाळवीनं माझी शेवटची वीस पानं खाल्ली. गेल्या आठवड्यात काढून टाकायच्या पुस्तकांची यादी झाली, तीत माझ्या नावापुढं 'कालबाह्य' लिहिलंय. ते खरंच आहे, त्यावर माझं भांडण नाही.

एवढंच मागते. 'नियमात बसत नाही' असं तुम्हाला कुणी सांगितलं तर मान खाली घालून परत जाऊ नका. कुठल्या नियमात, ते दाखवा म्हणा, आणि स्वतः वाचा. आणि तुम्ही टेबलाच्या पलीकडं बसणारे असाल तर नव्या नियमांची एक छापील प्रत दारापाशी ठेवा, कुणालाही न विचारता उचलता येईल अशी. ती सारखी हाताळली जाईल, मळेल, तिचे कोपरे दुमडतील. मला तिचा फार हेवा वाटेल. वाटू द्या.