दोन रेघा आणि एक ठिपका

मी एक क्रेट बोलतोय. हसलात ना? हसा, हसा. टोमॅटोचा प्लॅस्टिकचा क्रेट बोलतो म्हटल्यावर माणसं आधी हसतात, आणि मग बसायला जागा नसली की मलाच उलटा करून माझ्यावर बसतात. माझं निम्मं आयुष्य माल वाहण्यात गेलं आणि निम्मं माणसं वाहण्यात. त्यामुळे पाठीवर बसलेल्यांच्या गप्पा ऐकायची मला सवयच लागली आहे.

माझा जन्म कारखान्यातला. फुटक्या बादल्या, पाय मोडलेल्या खुर्च्या असलं काहीबाही वितळवून मला ओतलं. म्हणून माझा रंग धड हिरवा नाही, धड निळाही नाही. दुकानदार कौतुकानं सांगायला लागला, "खास समुद्री रंग आहे." आमची आक्का म्हणाली, "रंगाचं राहू दे. वजन पेलतो का ते सांग." आणि चपला काढून ती चक्क माझ्यात उभी राहिली. मी पेललं की! तिनं तिथल्या तिथे माझ्यासारखे चाळीस घेतले.

आक्का ही आमची मालकीण. तिचा नवरा लांब एका गिरणीत कामाला, त्यामुळे शेत ती आणि तिचा धाकटा दीर बघतात. तिचे भाऊजी ते आमचेही भाऊजी. त्यांनी पहिल्याच दिवशी पांढऱ्या रंगाचा डबा आणून खुणा करायला घेतल्या. शेजारच्यांच्या क्रेटवर फुली असते, पलीकडच्यांच्या गोल, तशा आमच्यावर दोन रेघा. पण पहिला नंबर माझा, आणि नेमका माझ्यावर ब्रश गळला. रेघांच्या बाजूला टपकन थेंब पडला. भाऊजी पुसायला गेले तर आक्का ओरडली, "अहो पुसू नका, फरफटेल! आता सगळ्यांवरच एकेक ठिपका द्या." माझ्या एका डागामुळे बाकीच्या एकोणचाळीस जणांना ठिपका मिळाला. याचा मला आजही थोडा तोरा आहे.

आमचं रोजचं काम ठरलेलं असायचं. उजाडताना तोडणी, ऊन चढायच्या आत बांधावर रांग. मग शेठचा टेंपो यायचा. शेठ म्हणजे आसपासचा सगळा माल उचलणारा व्यापारी. टेंपोवाला आधी कालचे रिकामे क्रेट धडाधड बांधावर फेकायचा, मग आजचे भरलेले चढवायचा. माझा एक कोपरा त्याच्याच फेकाफेकीत तुटला. पण एक सांगतो, शेठनं भावात कितीही ओढून धरलं, तरी रिकामा क्रेट दुसऱ्या दिवशी घरी आला नाही असं कधी झालं नाही. त्यामुळे त्याबद्दल कुणी कधी बोलतही नसे.

एका सकाळी बांधावर एक चष्मेवाली मुलगी आली. शहरातल्या एका लहानशा कंपनीत ती डिझाइनचं काम करायची. शेतकऱ्यांना माल थेट गिऱ्हाइकाला विकता यावा म्हणून त्या कंपनीला ॲप बनवायचं होतं. आक्कानं मला उलटं केलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "बसा बाई." बाई बसल्या आणि प्रश्नांचा पाऊस सुरू झाला. भाव कोण ठरवतं? वजन कोण करतं? फोन कुठला वापरता? अक्षरं बारीक वाटतात का? आक्का एकेक उत्तर देत होती. भाऊजी मध्येच म्हणाले, "शेठचा भाव म्हणजे शेठच्या मनात येईल तो!" तेही तिनं लिहून घेतलं. "आणखी काही अडचण?" तिनं शेवटी विचारलं. आक्कानं बराच विचार केला आणि म्हणाली, "नाही बाई, बाकी सगळं ठीक आहे."

अख्खा तास ती माझ्यावर बसून होती, आणि मला सोडून जगातलं सगळं विचारून गेली. पण तिला तरी काय बोल लावणार? अडचण नव्हतीच, मग सांगणार कोण?

पुढच्या खेपेला तिनं कागदावर काढलेलं ॲप आणलं. आक्कानं मातीचं बोट पुसून एका चौकोनावर दाबलं. "आता काय होतं?"

"काही नाही हो आक्का, कागद आहे तो."

"मग मला कशाला दाबायला लावतेस?"

दोघी पोट धरून हसल्या आणि त्या दिवसापासून 'बाई'ची 'पोरी' झाली. त्या कागदावर माल किलोत लिहायचा होता. आक्का म्हणाली, "किलो तुमचे. आम्ही क्रेटमध्ये मोजतो." चष्मेवालीनं लगेच किलो खोडलं आणि तिथे क्रेटचं छोटं चित्र काढलं. अहाहा! माझं चित्र! मी तर हवेतच गेलो. त्या चित्रात माल भरलेला क्रेट जाताना दिसत होता. तो परत येताना कुठेच दिसत नव्हता, हे मात्र माझ्याही डोक्यात आलं नाही.

ॲप सुरू झालं. आमची पहिली मागणी एका मोठ्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची, आणि भाव शेठच्या कितीतरी वर. आक्कानं फोनवरचा भाव दोनदा वाचून दाखवला. भाऊजींनी नाक मुरडलं, "शेठला दुखवून चाललोय आपण, लक्षात ठेवा." पण चाळीसच्या चाळीस क्रेट त्यांनीच पुसून भरले. भाड्याचा टेंपो आला, आम्हाला स्वयंपाकघरात उतरवलं आणि तो दुसरं भाडं घेऊन तिसरीकडेच निघून गेला.

तिथला मुख्य आचारी अंगानं आडवातिडवा, पण मनाचा चांगला. टोमॅटो हातात घेऊन म्हणाला, "वा! माल असावा तर असा!" दोन दिवसांत आम्ही रिकामे झालो आणि कामाला लागलो. कुणात कांदे, कुणात बटाटे, कुणी नळाखाली भांड्यांना, एक जण दाराला टेकू. मला उलटा करून आचारी माझ्यावर बटाटे सोलायला बसला. त्याचं वजन? आक्का माझ्यात उभी राहिली होती तो दिवस मला फार प्रेमानं आठवायला लागला.

मग चष्मेवाली तिथे माल कसा वाटला ते विचारायला आली. जाताना माझ्याकडे बोट दाखवून आचाऱ्याला म्हणाली, "दादा, हा नेऊ का? ॲपसाठी फोटो काढायचाय." फोटो निघाले. फोटोनंतर मला तिच्या ऑफिसात टेबलाखाली सरकवलं गेलं. तिच्या चपला, चार्जरच्या वायरी आणि एक मोडकी छत्री माझ्यात येऊन पडली.

ऑफिस म्हणजे एक खोली, तीन टेबलं आणि कुरकुरणारा पंखा. तिथे चष्मेवाली, ॲप प्रत्यक्ष बांधणारा एक जण, जो दिवसाला मोजून दहा शब्द बोलायचा म्हणून त्याला सगळे शांतोबा म्हणायचे, आणि साहेब. आठवडा गेला, दुसरा गेला. अठरा शेतकऱ्यांनी त्याच स्वयंपाकघराला माल विकला होता. आक्कासकट प्रत्येकानं एकदाच. दुसऱ्यांदा कुणी फिरकलंच नाही.

साहेब म्हणाले, "त्यांना वापरता येत नसेल. बटणं मोठी करा." बटणं मोठी केली. काही नाही. "समजावून सांगणारा व्हिडिओ टाका." टाकला. काही नाही. शेवटी साहेबांनी खुर्ची ओढली आणि शांतपणे सांगितलं, "हे बघा, महिनाअखेरपर्यंत माणसं परत आली नाहीत तर हे बंद करून आपण दुसरं काम घेऊ. माझाही नाइलाज आहे."

टेबलाखाली चष्मेवालीचा पाय माझ्या तुटक्या कोपऱ्यावर एकसारखा आपटत होता. तिला रडू येत होतं हे फक्त मला कळलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं बाई, खाली बघ! पण क्रेटला तोंड असतं तेही वरच्या बाजूला, आणि त्यात छत्री.

मग तिनं आक्काला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. सुरुवातीला आक्कानं सगळी ठेवणीतली उत्तरं दिली. वेळ नाही झाला, बघू, पुढच्या आठवड्यात बघू. चष्मेवाली म्हणाली, "आक्का, मला पोरी म्हणता ना? मग खरं सांगा. आमचं काय चुकलं?"

मग आक्का म्हणाली, "अगं, भाव चांगला दिलास, पैसे वेळेवर आले. तुला नावं कशी ठेवू? पण मला सांग, तोडू कशात? पदरात? टोमॅटो लालभडक होऊन लटकलेत. आज उद्या तोडले नाहीत तर जागच्या जागी फुटतील. चाळीस क्रेट तुझ्याकडे गेले ते गेलेच."

"मग मागितले का नाहीत?"

"मागायचं काय त्यात? रिकामे क्रेट परत येतातच! शेठकडे क्रेट आहेत, पण ज्याच्याकडे पाठ फिरवली त्याच्याकडे आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

चष्मेवालीनं फोन खाली ठेवला. खाली वाकली. चपला काढल्या, वायरी काढल्या, छत्री काढली. मला दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवलं आणि माझ्या कडेवरच्या दोन रेघा आणि ठिपका बघत बसली. "मी याच्यावर बसले होते रे," ती शांतोबाला म्हणाली. "तासभर याच्यावरच बसले होते!" आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

शांतोबा उठला आणि म्हणाला, "टेंपो सांगतो." त्या दिवसाचे त्याचे दोन शब्द, पण लाखमोलाचे.

भर दुपारी आम्ही स्वयंपाकघरात. आचारी कंबरेवर हात ठेवून उभा. "सगळे नेताय? आणि माझे कांदे काय डोक्यावर ठेवू?"

चष्मेवाली म्हणाली, "दादा, क्रेट गेले नाहीत तर पुढचे टोमॅटो येणारच नाहीत. तोडायलाच काही नाही त्यांच्याकडे."

मग कांद्याचा पहिला क्रेट आचाऱ्यानं स्वतः जमिनीवर ओतला. "असं आधी सांगायचं ना, ताई. मला काय माहीत!" अठरा शेतांचे क्रेट तिथे एकमेकांत मिसळलेले होते. शांतोबा खुणा बघून वेगळे करत होता, फुलीचे इकडे, गोलाचे तिकडे. आमचे नळाखालून निघाले, दाराखालून निघाले. माझ्यासकट एकोणचाळीस टेंपोत चढले, बाकीच्यांचे पुढच्या खेपेला जाणार होते. चाळिसावा काही सापडेना. आचाऱ्यानं कोठीघर पालथं घातलं, पण पत्ता नाही.

ऊन कलता कलता आम्ही बांधावर पोचलो. समोरून शेठचा टेंपो जात होता. टेंपोवाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "काय, क्रेट परत द्यायचे असतात हे शिकायला कॉम्प्युटर लागला वाटतं?" चष्मेवाली म्हणाली, "हो ना, उशिराच कळलं." तो हसत निघून गेला. भाऊजी पळतच आले, एका दमात चार चार क्रेट उचलून सरीत शिरले. आक्का, भाऊजी, शेजारची दोन माणसं, चष्मेवाली आणि शांतोबासुद्धा तोडायला लागला. अंधार पडायच्या आत आम्ही काठोकाठ भरलो. फुटलेले थोडे गेले, बाकी सगळे वाचले. आक्कानं तिथेच फोन काढला आणि मोठं केलेलं बटण दाबलं. दुसरी मागणी पक्की झाली!

चष्मेवालीनं विचारलं, "आक्का, तुम्हाला सांगावंसंच वाटत नाही असं आणखी काय काय आहे?"

"सांगावंसं वाटत नाही ते सांगू कसं? उद्या सकाळी तोडणीला ये. दिसेल तुझं तुला."

ती आली. मग येतच राहिली. आता ॲपमध्ये माल पोचला की मागणी पुरी होत नाही. पुढच्या फेरीचा टेंपो रिकामे क्रेट घेऊन येतो, शेतकरी मोजून घेतो आणि मगच मागणी पुरी होते. शांतोबानं आधी नकाराची मान हलवली होती. "माल पोचला म्हणजे संपलं." चष्मेवाली म्हणाली, "आपल्या लेखी संपलं, आक्काच्या लेखी नाही." महिनाअखेरीला अठरापैकी पंधरा जण परत आले. साहेबांनी खुर्ची पुन्हा जागेवर सरकवली आणि दुसऱ्या कामाचं नावही काढलं नाही. ॲपमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे त्याची खूण आहे, फुली, गोल. आमच्यापुढे दोन रेघा आणि एक ठिपका. गळलेल्या ब्रशचा तो ठिपका तिनं हुबेहूब काढलाय.

आता मी जुना झालोय. दुसरा कोपराही तडकलाय आणि भाऊजींनी तो तारेनं बांधलाय. आक्का मला जड माल देत नाही. पण चष्मेवाली आली की आक्का मलाच उलटा करून पदरानं पुसते. ती जागा माझीच.

आमचा चाळिसावा अजून घरी आलेला नाही. ॲपमध्ये आमच्या खुणेपुढे 'एक यायचा आहे' असं रोज दिसतं आणि आक्का ते पुसू देत नाही. म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्या जिन्याखाली, दुकानामागे, मोरीत एखादा क्रेट पडला असेल, तर त्याची कड जरा पुसून बघा. दोन पांढऱ्या रेघा आणि एक ठिपका दिसला तर त्याला सांगा, टोमॅटो पिकलेत, घरी बोलावलंय.