गावाकडे तोंड

"डोळ्यांत पाणी आत्ता आणू, की चहा झाल्यावर?" तोलीबाय कप्तानांनी विचारलं.

गेंजेमुरातनं परदेशी पथकाला दुभाषा या नात्यानं सांगितलं, "कप्तान म्हणतात, समुद्राची आठवण निघाली की बोलवत नाही."

पथक हेलावलं. कप्तान वाळूत कलंडलेल्या गंजक्या बोटीपुढं घडीच्या स्टुलावर बसले, टोपी मांडीवर घेतली आणि लांब बघू लागले. पाणी वेळेवर आलं. या बाबतीत ते समुद्रापेक्षा भरवशाचे होते.

हा प्रसंग मूळचा गेंजेमुरातचा. ताश्कंदला चित्रपट शिकून तो मोयनाकला परतला, तेव्हा अरल समुद्र आटत आटत बंदर सोडून कधीच निघून गेला होता. त्यानं कप्तानांना बसवलं आणि म्हणाला, "आगा, समुद्राकडे बघा." समुद्र होता उत्तरेला. पण तिकडे तोंड केलं की ऊन पाठीवर येऊन कॅमेऱ्यात चेहरा काळा पडायचा. म्हणून त्यानं स्टूल दक्षिणेला, उजेडाकडे वळवलं. त्या माहितीपटाला मानपत्र मिळालं. तेव्हापासून देशोदेशीची पथकं तोच प्रसंग टिपायला येतात आणि कप्तान गावच्या कापसाच्या गोदामाकडे बघून समुद्रासाठी रडतात.

पुढचे माहितीपट गेंजेमुरातनं स्वतंत्रपणे काढले. म्हणजे त्यांना कुणी पैसे दिले नाहीत आणि कुणी ते पाहिलेही नाहीत. अपवाद सासूबाईंचा. त्यांची बसायची जागा पडद्यासमोरच होती, त्याला त्यांचा इलाज नव्हता. बायको, बिबिसारा, म्हणायची, "लग्नाचं शूटिंग घ्या म्हटलं की यांची कला दुखते." शेवटी तो परदेशी पथकांची जीप चालवू लागला आणि त्यांना आपलाच प्रसंग टिपायला मदत करू लागला.

आता त्याला एकच काम उरकायचं होतं. कप्तानांची छाती घरघरायला लागली होती. ते जायच्या आत तो प्रसंग एकदा खरा घ्यायचा, म्हणजे निदान शेवटचा माहितीपट तरी खोटा राहणार नाही.

पथक जेवायला गेल्यावर त्यानं आपला जुना कॅमेरा काढला.

"आगा, उठा जरा. स्टूल फिरवतो. उत्तरेकडे."

"तिकडे काय आहे?"

"समुद्र होता."

"ते मला सांगतोस, गाढवा? बिबिसाराचं ऐकायचं होतंस. लग्नात नवरानवरी हजर तरी असतात."

"एकदाच, आगा."

कप्तान उठले नाहीत. टोपीची शिवण चाचपत म्हणाले, "इतकी वर्षं मी इथं पथकांच्या चहा-बिस्किटांसाठी बसलो असं वाटतं तुला? तो गेल्यापासून मी तिकडे बघितलेलं नाही. घराचं त्या बाजूचं दारसुद्धा बुजवलं. पहिल्याच दिवशी तू मला गावाकडे तोंड करून बसवलंस. मी म्हटलं, पोराला न सांगता समजतंय."

उजेडासाठी बसवलं होतं, हे गेंजेमुरातच्या ओठांवर आलं. त्यानं ते गिळलं.

"पाहिजेच का तुला?" कप्तानांनी विचारलं.

"पाहिजे," तो म्हणाला.

कप्तान वळले. वारा वाळू उडवत होता. कॅमेऱ्यात एक काळी आकृती दिसत होती, चेहरा नाही, डोळे नाहीत. रडले असतील तर ते कळायला मार्ग नव्हता. बराच वेळ त्यांनी चहा मागितला नाही.

"आलं?" अखेर त्यांनी विचारलं.

"आलं, आगा."

हिवाळ्यात कप्तान गेले. माहितीपट एका महोत्सवाला पाठवला. तिथून उत्तर आलं: विषय उत्तम, उजेड कमी.

वसंतात नवं पथक आलं. कप्तान वारल्याचं ऐकून हळहळलं, मग गेंजेमुरातच्या पिकल्या दाढीकडे बघू लागलं.

"तुम्ही इथलेच ना? जरा बसता का?"

त्यानं जीपमधून स्टूल काढलं. छायाचित्रकार अजून उजेड शोधत होता. कुणी सांगायच्या आतच गेंजेमुरातनं स्टूल गावाकडे वळवलं, टोपी काढून मांडीवर घेतली आणि तो बसला.