वळणावरच्या पायऱ्या

आठवडाभर डॉक्टरीणबाई लोकांचे दात बसवायच्या आणि रविवारी दगड. शहराला लागून मोठं जंगल-उद्यान होतं. तिथल्या पायवाटांची डागडुजी करायला दर रविवारी हौशी मंडळी जमत. कुणी आडवं पडलेलं झाड कापी, कुणी पाण्याला चर काढून देई. दगडाला मात्र डॉक्टरीणबाई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. टेकडीच्या वळणावर त्यांनी बसवलेल्या पायऱ्या म्हणजे काय सांगावं! एक दगड हलेल तर शपथ. त्या पायऱ्यांचा फोटो दवाखान्यात खुर्चीसमोरच लावला होता. आ वासून पडलेला पेशंट दुसरं बघणार तरी काय?

एकच अडचण होती. त्या पायऱ्यांवरून कुणी चालत नव्हतं.

लोकांनी पायऱ्यांना बगल देऊन शेजारच्या उतारावरून चोरवाट पाडली होती. रोजच्या पावलांनी तिथली माती सुटत चालली होती. उद्यानाचे साहेब एकदा येऊन बघून गेले. जाताना म्हणाले, “हा उतार घसरला तर माझ्या गळ्याशी येईल. येत्या रविवारी परत येतो. तोवर चोरवाट थांबली नाही, तर वरपर्यंतची अख्खी वाट बंद.”

डॉक्टरीणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी चोरवाटेवर काटेरी फांद्या रचल्या. दुसऱ्या दिवशी फांद्या बाजूला. पुन्हा रचल्या, पुन्हा बाजूला. “कोण आहे तो, त्याला रंगेहाथ पकडते,” असं म्हणून दवाखाना उघडायच्या आधी एका सकाळी त्या झुडपामागे दबा धरून बसल्या.

थोड्या वेळानं खालून हसण्याखिदळण्याचा आवाज आला. तीन म्हाताऱ्या येत होत्या. पुढची काठीनं फांद्या सारत मागच्या दोघींना सांगत होती, “या गं, काटे सांभाळा.” ती पुढची म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या सख्ख्या सासूबाई!

“आई! तुम्ही?”

सासूबाई दचकल्या, पण क्षणभरच. “अगं, तू झुडपात काय करतेस? दवाखाना नाही का आज?”

“विषय बदलू नका. एवढ्या चांगल्या पायऱ्या सोडून इथून कशाला?”

“चांगल्या आहेतच. मी कुठे नाही म्हणते? माझ्या सुनेनं केल्यात म्हणून सगळ्यांना सांगत असते. या दोघींचे कान किटले ऐकून.”

दोघी मैत्रिणींनी मुकाट्यानं माना डोलावल्या.

“मग चढत का नाही?”

“चढते की.” सासूबाईंनी दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय उचलला. “पहिली चढते. दुसरी चढते. तिसरीला देव आठवतो. तुझी ढांग उंटाची, बाई. आमची कुठून आणू?”

डॉक्टरीणबाई घरात सगळ्यांत उंच. दगड लावताना त्यांनी स्वतःचाच पाय टाकून बघितला होता, दुसऱ्या कुणाचा नाही.

“मग सांगितलं का नाही मला?”

“काय सांगू? भिंतीवर फोटो लागल्यावर?”

डॉक्टरीणबाईंना आधी राग आला, मग लाज वाटली. आणि मग आपल्याला वाईट वाटू नये म्हणून रोज काटे तुडवत जाणाऱ्या या बाईबद्दल माया दाटून आली. त्यांनी तिथूनच रविवारच्या मंडळींतल्या सुतारकाकांना फोन लावला. “काका, शनिवारी सगळ्यांना बोलवा. पायऱ्या उपटायच्या आहेत.”

“डोकं ठिकाणावर आहे ना, डॉक्टर? भूकंपातही हलणार नाहीत, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

हलता हलेनात, हे खरं. शनिवारी पहारी लावून लावून मंडळींचा घाम निघाला. सासूबाईंना माप द्यायला उभं केलं होतं. त्या पाय उचलायच्या आणि सुतारकाका काठीवर खूण करायचे. “आणखी खाली... हं, एवढी पुरे.” लगेच मैत्रिणी पुढे सरसावल्या. आमचंही माप घ्या! शेवटी सगळ्यांत बुटक्या मैत्रिणीचं माप कायम झालं. पायऱ्या ठेंगण्या झाल्या, संख्येनं वाढल्या. मध्ये दम खायला एक ऐसपैस दगड आला. चोरवाटेची माती भुसभुशीत करून वर पालापाचोळा पसरला. एका पायरीची कड तिरकी राहिली, ती डॉक्टरीणबाईंनी दातओठ खात तशीच सोडली, कारण अंधार पडत आला होता.

रविवारी साहेब आले ते ‘वाट बंद’ची पाटी काखेत मारूनच. सगळे स्वयंसेवक वळणावर उभे होते. ही वाट बंद झाली, तर सासूबाईंचं रोजचं वर जाणं संपलं आणि ते आपल्याच पायऱ्यांपायी, एवढंच डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात घोळत होतं.

तेवढ्यात तिघी आल्या. सासूबाई काहीतरी रंगवून सांगत होत्या. घरी आलेल्या नळवाल्यानं गळती राहिली बाजूला, चांगला नळच कसा काढून ठेवला, त्याची कथा. बोलता बोलता त्या पहिली पायरी चढल्या, दुसरी चढल्या, तिसरी चढल्या. हात गुडघ्याकडे गेला नाही, तो नळवाल्याची नक्कल करण्यात गुंतला होता. पालापाचोळ्याकडे तिघींपैकी एकीनंही ढुंकून पाहिलं नाही. त्यांच्यामागून एक जोडपं आलं, तेही पायऱ्यांवरूनच गेलं.

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि पाटी परत गाडीत नेऊन ठेवली.

डॉक्टरीणबाईंना राहवेना. त्या धावत वर गेल्या. “आई, कशा वाटल्या पायऱ्या?”

ऐन रंगात आलेली गोष्ट तोडली म्हणून सासूबाई वैतागून वळल्या.

“कुठल्या पायऱ्या?” त्या म्हणाल्या, आणि नळवाल्याकडे परतल्या.