एकशे ब्याऐंशीनंतरचा ठोका

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. कानात बोरासारखे बसणारे ते बिनवायरचे चिमुकले माझे दूरचे नातेवाईक. मी मात्र डोक्यावर रुंद पट्टी, दोन्ही कानांवर दोन वाट्या आणि गुडघ्यापर्यंत लोंबणारी वायर असा ऐसपैस गडी. म्हातारपणी माझी पट्टी थोडी कुरकुरते. मीही थोडा कुरकुरतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या शेवटच्या टोकाला एक बाई बसायच्या. प्रत्येक नवा हेडफोन त्या डोक्यावर चढवायच्या, डोळे मिटायच्या आणि किल्ल्यांचा जुडगा खुळखुळल्याचा आवाज ऐकायच्या. ज्याच्यातून नुसता खळखळाट यायचा त्याची रवानगी दुरुस्तीला. माझ्या वेळी त्यांनी डोळे उघडले आणि शेजारणीला म्हणाल्या, "याच्यात किल्ल्या मोजता येतात गं. सात आहेत." त्या एका वाक्यावर मी आजतागायत मिरवतो आहे.

मला विकत घेतलं एका ध्वनिमुद्रकाने. गाण्याबजावण्याचे कार्यक्रम टिपून ठेवणं हा त्याचा धंदा. पुढे मी ज्या घरात गेलो तिथे त्याला 'मामा' म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणतो. त्याच्या डोक्यावर बसून मी किती सभागृहं पाहिली, त्याची गणती नाही. पण मला सगळ्यात जास्त आठवते ती टपालखात्यातल्या माणसांच्या वाद्यवृंदाची दुपार.

दिवसभर पत्रं वाटणारी, शिक्के मारणारी ती एकतीस माणसं आठवड्यातून दोनदा वाद्यं घेऊन जमायची. त्यांना वाजवायला शिकवायचे ते पार्सलखिडकीवरचे काका. आणि त्यांच्यात होती मामाची थोरली बहीण, पत्रं निवडणाऱ्या विभागातली. तिच्याकडे होता पोलादी सळईचा एक छोटा त्रिकोण. दोऱ्याला टांगायचा आणि बारक्या कांडीने वाजवायचा. अख्ख्या रचनेत तिचा ठोका एकच. बाकीचे थांबले की व्हायोलिनं अगदी हळू सुरू व्हायची, तिथून तिने ओठांतल्या ओठांत एकशे ब्याऐंशीपर्यंत मोजायचं आणि मग एकदाच, टिंग!

त्या दिवशी तो ठोका इतका नेमका पडला की मामाने मूठ वळून हवेत हलवली. तो आवाज कितीतरी वेळ विरत राहिला. मी तो शेवटपर्यंत ऐकला, मित्रांनो. माझ्या दोन्ही कानांनी, म्हणजे वाट्यांनी.

पुढे मामाला दूरच्या शहरात काम मिळालं. जाताना त्याने बहिणीला एक छोटा म्युझिक प्लेअर दिला, त्यात ते ध्वनिमुद्रण भरलं आणि सोबत मलाही दिलं. मी हरखून गेलो. तिच्या घरी तिचाच ठोका तिला ऐकवायचा, आणखी काय हवं!

पण त्या घरात बाबा होते. बाबा म्हणजे तिचे यजमान. लोकांची घरं बदलायची, सामान गाडीत भरायचं, हा त्यांचा व्यवसाय. तीन खोल्यांचा संसार एका गाडीत बसवून वर पाण्याचा माठही कुठेतरी सरकवतील, असा त्यांचा हात. रिकामी जागा दिसली की त्यांना चैन पडत नसे. प्लेअर हातात आल्या दिवशीच ते म्हणाले, "एवढीशी गाणी? याच्यात अजून कितीतरी मावतील!"

झालं. त्यांनी संगणकावर सगळी गाणी दाबून दाबून बारीक केली. त्या ध्वनिमुद्रणालाही सोडलं नाही. मित्रांनो, गाणं असं फार दाबलं की त्यातलं सगळ्यात नाजूक ते आधी जातं. मोठ्या आवाजामागचा हळू आवाज जातो, लखलखणारा उंच आवाज जातो, विरत जाणारी शेपटी जाते. वरवर ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. बाबा मात्र सगळ्यांना अभिमानाने सांगत सुटले, "सात हजार गाणी बसवली!"

त्या संध्याकाळी तिने मला डोक्यावर चढवलं आणि मोजू लागली. एकशे ऐंशी, एकशे एक्क्याऐंशी, एकशे ब्याऐंशी. माझ्यापर्यंत आली ती फक्त एक अस्पष्ट खरखर. माझ्याकडे जे येतं तेच मी पुढे देणार, माझा नाइलाज होता.

"आला का ठोका?" बाबांनी विचारलं.

"नाही हो. ऐकूच आला नाही."

"म्हणजे गाडी चुकली म्हणायची!" बाबा खो खो हसले. तीही हसली.

मग मुलगी झाली. अखंड बडबड करायची म्हणून तिला सगळे मिठू म्हणू लागले. ती मोठी झाली आणि बाबांच्या थट्टेत सामील झाली. आई कुठे वेळेवर पोहोचली नाही की दोघं एका सुरात म्हणायचे, "एकशे ब्याऐंशी!" आई आधी हसायची, मग कसनुसं हसायची, मग हसेनाशी झाली. आपण त्या दिवशी खरंच चुकलो, असं तिला वाटू लागलं. तो त्रिकोण तिने फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. मी त्याच्याच शेजारी पडून होतो. माझ्या वाट्यांची गादी फाटली, वायरीच्या टोकाला कचरा बसला. पण मला दुःख होतं ते वेगळंच. ही बाई चुकली नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं आणि मला विचारणारं कोणी नव्हतं.

चौदा वर्षांनी एक पत्र आलं. पार्सलखिडकीवरचे काका निवृत्त होणार होते. निरोपाच्या दिवशी तीच रचना, त्याच माणसांनी वाजवावी, एवढीच त्यांची इच्छा होती. ध्वनिमुद्रणाला त्यांनी मामालाच बोलावलं होतं.

मामा आला तो थेट बहिणीकडे उतरला. चहा पिता पिता म्हणाला, "ताई, त्रिकोण काढलास का?"

"मी नाही येणार," ती म्हणाली. "एक ठोका होता, तोही मी चुकवला. आता सगळ्यांसमोर पुन्हा शोभा नको. दुसऱ्या कुणाला तरी सांग."

"चुकवलास? तू? कोण म्हणतं?"

"ध्वनिमुद्रणच म्हणतं. ऐक हवं तर."

मला कपाटातून काढलं तेव्हा माझा जीव वायरीत गोळा झाला. मामाने मला डोक्यावर चढवलं, थोडंसं ऐकलं आणि त्याचं तोंड कडू झालं.

"भाऊजी, हे काय करून ठेवलंत? रस सांडून गेलाय आणि नुसता चोथा उरलाय!"

"सात हजार गाणी आहेत त्यात," बाबा म्हणाले, पण आवाज जरा खालचा होता.

मामाच्या पिशवीतल्या डिस्कवर मूळ ध्वनिमुद्रण होतं, जसंच्या तसं. पण प्लेअरमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मग बाबांना गाणी काढायला बसवलं. ते एकेका गाण्यावर अडून बसायचे.

"हे राहू दे रे."

"बाबा, तुम्ही हे कधी ऐकलंत तरी का?" मिठूने विचारलं.

"नाही. पण बसलंय ना छान!"

तोवर मामाने काडीने माझ्या वायरीचं टोक साफ केलं. मिठूने जुन्या मखमलीचे तुकडे कापून माझ्या वाट्यांना नवी गादी शिवली, कारण गादी कानावर घट्ट बसली नाही तर खालचे भरदार सूर बाहेर गळून जातात. बाबांनी सवयीने आवाज मोठा केला, तेव्हा मामाने तो पुन्हा कमी केला. "चांगलं ऐकायला कान फोडावे लागत नाहीत," तो म्हणाला.

आईने मला डोक्यावर घेतलं. व्हायोलिनं सुरू झाली आणि तिचे ओठ हलू लागले. मध्येच ते थांबले. तिने वाट्या दोन्ही हातांनी कानांवर दाबल्या. कारण व्हायोलिनांच्या मागून, अगदी बारीक, एका तरुण बाईची कुजबुज येत होती. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे एकोणऐंशी, एकशे ऐंशी...

"अगं बाई," ती पुटपुटली, "ही तर मीच!"

आणि मग, टिंग! लख्ख, नेमका, विरत विरत जाणारा.

तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या नव्या मखमलीवर पडलं. मी काही कुरकुर केली नाही. मग मिठूने ऐकलं. आपण जन्मायच्या आधीचा आईचा आवाज ऐकून ती बडबडी पोर त्या कुजबुजीबरोबर स्वतःच आकडे मोजू लागली. शेवटी बाबांनी ऐकलं. मला हळूच काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "लोकांचा एक कप फुटला नाही गं आजवर माझ्या हातून. आणि तुझा ठोका मीच मागे सोडून आलो."

"मग आता मोजायला मदत करा," आई म्हणाली आणि कपाटातून फडकं काढून आणलं.

निरोपाच्या कार्यक्रमाला मामाने मला मिठूच्या डोक्यावर बसवलं. व्हायोलिनं सुरू झाली. वायरीतून मला आईची कुजबुज ऐकू येत होती आणि बाहेरून मिठूची, दोघींचे आकडे एकाच वेळी पडत होते. शेवटच्या रांगेत बाबा बोटांवर मोजत होते. एकशे एक्क्याऐंशी, एकशे ब्याऐंशी...

टिंग!

"आला!" बाबा एवढ्या मोठ्याने ओरडले की पार्सलखिडकीवरचे काका वाजवणं चालू असतानाच वळून हसले. मिठू आनंदाने उडाली आणि माझी वायर खाडकन निघाली.

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आम्हाला वायर धरून ओढू नका. गादी फाटली तर दोन टाके घाला. आवाज बेताचा ठेवा. आणि आवडत्या गाण्याला त्याची पुरेशी जागा द्या, कारण कुणाचा तरी ठोका त्यात असतो.

मामा म्हणाला होता की नव्या ध्वनिमुद्रणातली बाबांची ती ओरड कापून टाकतो. आईने कापू दिली नाही. आता प्लेअरमध्ये जुनं आणि नवं अशी दोन्ही ध्वनिमुद्रणं आणि थोडीशी गाणी आहेत, बाकी सगळी जागा मोकळी. बाबा रोज सकाळी मला कानांवर चढवतात, बोटांवर मोजतात, आणि टिंग झाला की स्वतःच्याच ओरडण्याबरोबर पुन्हा एकदा ओरडतात, "आला!"