फलकाला छप्पर

बागेतल्या माळीणबाईंना अधीक्षकसाहेबांच्या अकलेकडून फारशा अपेक्षा कधीच नव्हत्या, पण त्या दिवशी साहेबांनी होत्या नव्हत्या त्याही धुळीला मिळवल्या.

कुंपणालगतच्या पट्टीत दरवर्षी आपसूक रानफुलं यायची. बाईंचा नियम एकच: फुलं सुकून बी जमिनीवर पडेपर्यंत तिथे कुणाला विळा लावू द्यायचा नाही. नऊ वर्षं त्यांनी ती पट्टी पोटच्या पोरीसारखी सांभाळली. यंदा साहेबांना तिचा एकदम पुळका आला. 'रानफुलं जपा' असा फलक लागला, पाहुणे ठरले, आणि आदल्या दिवशी बाई सुट्टीवर असताना साहेबांनी खुर्च्या मांडायला ती पट्टीच साफ करून घेतली. कापलेली फुलं फुलदाण्यांत खोचून व्यासपीठावर ठेवली. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, दुपारपर्यंत फुलांनी माना टाकल्या.

"बी पडायच्या आधीच कापलीत," बाई म्हणाल्या. "आता पुढच्या वर्षी इथे काही उगवायचं नाही."

"मग नर्सरीतून मागवू की."

"ही नर्सरीत मिळत नाहीत, साहेब. म्हणून तर रानफुलं."

साहेब पहिल्यांदाच विचारात पडले. "अहो, मग पुढच्या वर्षी पाहुण्यांना दाखवायचं काय?"

"फलक दाखवा," बाई म्हणाल्या. "तो तेवढा तुम्ही नीट जपलात."

साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि फलकाला छप्पर करायचं लिहून घेतलं.