महानंदाचा पासपोर्ट

भवानी पेठेतल्या त्या घरात सकाळपासून शेंगदाणे भाजल्याचा वास भरला होता. सिद्धेश्वरी उखळात शेंगाचटणी कांडत होती. तिची सासू काशम्मा कडक भाकऱ्या एकावर एक रचून फडक्यात बांधत होती. हा माल रोज स्टेशनाजवळच्या दुकानात जायचा. सिद्धेश्वरीचा नवरा चनमल्लप्पा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा कारागीर, होता; तो डबा घेऊन निघणार इतक्यात फोन वाजला.

फोन मस्कतहून होता. बोलत होता गौस, याच पेठेतला. तो तिथं गाडी चालवायचा आणि सिद्धेश्वरीचा धाकटा भाऊ रेवण याच्याबरोबर एका खोलीत राहायचा.

"दाजी, रेवण परांचीवरनं पडला. डोक्याला लई मार हाय. मधेमधे शुद्धीवर येतो अन् एकच म्हणतो, महानंदाक्काला बोलवा. कंपनी व्हिसा-तिकीट करायला तयार हाय. अक्काचा पासपोर्ट तेवढा पाठवा."

महानंदा हे सिद्धेश्वरीचं माहेरचं नाव. आई गेली तेव्हा रेवण रांगत होता. महानंदानंच त्याला कडेवर वाढवलं. लग्नात सासरच्यांनी तिचं नाव बदलून ग्रामदैवतावरून सिद्धेश्वरी ठेवलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. तशी रीतच नव्हती. पुढं आधार कार्डाच्या शिबिरात ती सवयीनं "महानंदा" म्हणाली, तेव्हा चनमल्लप्पानंच हसत हसत नाव दुरुस्त करून घेतलं होतं.

"हाय ना पासपोर्ट?" गौसनं पुन्हा विचारलं.

"काढून घेतो," चनमल्लप्पा म्हणाला. मागं सुट्टीवर आला होता तेव्हा रेवण याच घरात जेवताना म्हणाला होता, "दाजी, अक्काचा पासपोर्ट काढून ठेवा. एकदा तिला समुद्र दाखवतो." त्यावर चनमल्लप्पा बोलला होता, "चटणी कांडायला पासपोर्ट कशाला लागतोय?" सगळे हसले होते. सिद्धेश्वरीही हसली होती.

पासपोर्टच्या कार्यालयात दोघं तातडीनं गेले. सिद्धेश्वरीच्या आधारवर नुसतं जन्मसाल होतं, तारीख नव्हती, म्हणून तिनं माहेरच्या गावचा, वैरागच्या शाळेचा दाखला सोबत नेला होता. अधिकारी भला माणूस होता. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"दाखला महानंदाचा आणि आधार सिद्धेश्वरीचं. या दोघी एकच, हे कुठं लिहिलंय?"

"साहेब, मी सांगतो की," चनमल्लप्पा म्हणाला. "माझी बायको हाय."

"तुमच्या सांगण्यावर नाही होत काका. लग्नाची नोंद आहे?"

नव्हती.

"नुसतं आडनाव बदललं असतं तर लवकर निभावलं असतं. इथं माणूसच दुसरं झालंय. आधी लग्नाची नोंद करा, मग प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, राजपत्र. वेळ लागेल." त्यानं सिद्धेश्वरीकडं पाहिलं, मग चनमल्लप्पाच्या कागदांवर नजर टाकली. "तुमचं मात्र सगळं जुळतंय. तातडीनं अर्ज केलात तर आठवड्यात पासपोर्ट हातात येईल."

चनमल्लप्पानं मान खाली घातली. शाळेपासून आजपर्यंत त्याच्या नावाचं अक्षरही कुणी हलवलं नव्हतं.

बाहेर आल्यावर सिद्धेश्वरी म्हणाली, "तुमी जावा. त्याला म्हणावं, अक्कानं पाठवलंय."

असा तो मस्कतला पोचला. ज्याला कुणी बोलावलं नव्हतं तो.

दवाखान्यात रेवणच्या शेजारच्या पलंगावर फिलिपिन्सचा एक गवंडी होता. त्याची बायको उशाशी बसून त्याला चमच्यानं सूप भरवत होती. अपघाताचं कळलं तशी ती पुढच्याच विमानानं निघाली होती. पासपोर्ट तिच्या घरी तयारच होता. तिनं चनमल्लप्पाकडं पाहत गौसला काहीतरी विचारलं.

"काय म्हणती?"

गौस घुटमळला. "म्हणती, हा पोरगा रोज बहिणीचं नाव घेतो. ती का न्हाय आली? भारतात बायकांना पासपोर्ट देत न्हाईत का?"

सलाईनची बाटली बदलणारी नर्स केरळची होती. ती हिंदीत फटकन म्हणाली, "का नाही देत? मला दिलाय की."

"मग?" फिलिपिनो बाईचा प्रश्न भाषांतराशिवायही कळत होता.

चनमल्लप्पानं लग्नात नाव बदलल्याचं सांगितलं. गौसनं ते समजावून दिलं. बाईला आधी पटेचना. तिच्याकडं लग्नानंतर कुणी नवऱ्याचं आडनाव लावतं, कुणी लावत नाही. पण उद्यापासून तू महानंदा नाहीस, असं कुणी सांगत नाही.

"अन् हितल्या अरबी बायकांचं तर लग्न झालं तरी बापाचं नाव जात न्हाय," गौस पुटपुटला. "आपण मातूर सगळंच पुसतो, दाजी."

दुपारी रेवणनं डोळे उघडले. चनमल्लप्पावरून नजर काढून तो त्याच्या मागं दाराकडं बघत राहिला.

"अक्का?"

"तिनं मला पाठवलंय."

"रागावली का माझ्यावर?"

"न्हाय रे बाबा. ती निघालीच हुती. तिला येऊ दिलं न्हाय."

"कुणी?"

चनमल्लप्पाच्या ओठांवर कार्यालय आलं, नियम आला. त्यानं ते गिळलं. "आमी," तो म्हणाला.

रेवणला ते ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. त्याची नजर दारावरच होती. पुढं तो शुद्धीवर आला नाही.

कंपनीनं मृतदेह पाठवला आणि वैरागला रेवणची माती झाली. परतल्यावर सिद्धेश्वरीनं नवऱ्याला एकच विचारलं, "मला शोधत हुता का?"

खोटं बोलणं सोपं होतं. शांत गेला, असं म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, आणि त्यालाही. "व्हय," तो म्हणाला. "दाराकडं बघत हुता."

ती उठून आत गेली. कैक दिवस गेले. मग एका सकाळी चहा देताना म्हणाली, "मला माझं नाव परत पायजे. अन् पासपोर्ट."

काशम्मा वैतागली. "आता कुटं जायचंय तुला? तितं कोण बसलंय तुजं?"

"कुटं जायचं न्हाय, अत्ती. पायजे."

चनमल्लप्पानं रजा टाकली. लग्नाची नोंद झाली. वकिलाच्या टेबलाशी लेखनिकानं विचारलं, "यापुढं कोणतं नाव कायम करायचं?" विचारताना तो चनमल्लप्पाकडंच बघत होता. चनमल्लप्पाचं तोंड सवयीनं उघडलं. त्यानं ते मिटलं आणि खुर्ची मागं सरकवून तो बाजूला झाला.

"महानंदा," ती म्हणाली. लेखनिकाला नीट ऐकू आलं नाही म्हणून तिनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

जाहीर नोटीस छापून आली, राजपत्रात नाव आलं, आधार बदललं. पावसाळा संपून थंडी पडली, तेव्हा एका दुपारी पोस्टमन दारात आला.

"महानंदाबाई कोण? पासपोर्ट आलाय."

काशम्मा उंबऱ्याशी भाकऱ्या फडक्यात बांधत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्या नावाचं हितं कुणी न्हाय."

पोस्टमन वळला. आतून चनमल्लप्पा धावतच बाहेर आला. "हाय! हाय की! थांबा!" त्याच्या आवाजानं शेजारची दारं उघडली. महानंदा चटणीचे हात पुसत आली, तिनं सही केली आणि पाकीट छातीशी धरून ती तशीच उभी राहिली. ज्याच्यासाठी ते हवं होतं तो वैरागच्या मातीत होता. चनमल्लप्पाला तिच्याकडं बघवेना.

पोस्टमन गेला. काशम्माच्या हातातलं फडकं तसंच राहिलं होतं. मग ती म्हणाली,

"माजं नाव रत्नव्वा हुतं."

चनमल्लप्पानं चमकून तिच्याकडं पाहिलं. जिच्या पोटी तो जन्मला, तिचं नाव त्याला पन्नाशीत कळत होतं. तिनं लपवलं नव्हतं. त्यानंच कधी विचारलं नव्हतं.