मुंग्यांचा वाटा

“मामी, तुमच्या दारातल्या मुंग्या आजही माझ्याकडे जेवायला आल्यात!” समोरच्या दारातून राजम ओरडली. “पानं वाढू का त्यांना?”

“वाढ की! माझ्याकडे त्यांस उपास,” चंद्रमतीबाई म्हणाल्या आणि चिमटीतली पांढरी भुकटी ठिपक्यांभोवती फिरवत राहिल्या.

तंजावरच्या त्या गल्लीत पहाटे दारोदार कोलम, तिकडची ठिपक्यांची रांगोळी, उमटायचं. राजमचं तांदळाच्या पिठाचं असे. मुंग्यांनी, चिमण्यांनी खावं म्हणूनच ते घालायचं. चंद्रमतीबाईंचं मात्र दगडाच्या भुकटीचं. उभी हयात त्यांनी पापनाशमच्या धान्यगोदामात कारकुनी केली. पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत टेबलाशी जायचं आणि संध्याकाळी निऱ्यांतलं तूस झटकून गाडीत बसायचं. पण स्वतःच्या उंबऱ्याबाहेर तांदळाचा कण त्यांनी कधी टाकला नव्हता.

पायरीवर दात घासत बसलेली शांभवी, त्यांच्या लेकीची लेक, तोंडातला फेस सांभाळत म्हणाली, “आजी, तुझ्या आईचा नेम संपणार कधी? आपला देश जगात सगळ्यांत जास्त तांदूळ विकतो. आमच्या मिसनी सांगितलंय.”

“आधी चूळ भर. मग आंतली दोन मापं घेऊन ये.”

पितळेची दोन मापं पायरीवर आली. एकात चंद्रमतीबाईंनी तांदूळ भरला, दुसरं रिकामं ठेवलं.

“हें भरलेलं माप म्हणजे बाहेरून येणारा तांदूळ. तें रिकामं म्हणजे आपण बाहेर पाठवलेला. मी तुझ्याएवढी होतें तेव्हां अस्संच होतं. माझे वडील मद्रासला रेल्वेंत. रेशनच्या दुकानांत जहाजानं आलेला तांदूळ मिळायचा. आई उन्हांत उभी राहायची, एक पाय उचलायची, मग दुसरा. तिरुवैयारूची मुलगी ती, कावेरीच्या भातावर वाढलेली.”

“आणि मग?”

“एके दिवशीं तिनं पिठाची करवंटी आंत ठेवून दिली. म्हणाली, दुसऱ्याच्या दारचा तांदूळ खातों आपण, मुंग्यांस कुठून घालूं? देशाचं पोट भरून उरूं दे, मग घालीन.”

बोलता बोलता त्या एका मापातला तांदूळ मुठीमुठीनं दुसऱ्यात टाकत होत्या. “मग शेतांत नवीं बियाणीं आलीं, पाणी नीट मिळालं. हें रिकामं होत गेलं. आईला वाटलं, झालं. तोंच पाऊस बुडाला.” एक मूठ परत फिरली. “पुन्हा जहाजं आलीं. आई म्हणाली, थांबूं. थोडं बरं झालं, तरी म्हणाली, खात्री होऊं दे. खात्रीची वाट बघतांच गेली बिचारी. मग तो नेम मी धरला, खात्रीच्या अटीसकट.”

शेवटी दुसऱ्या मापावर शीग चढली. शांभवीनं टाळी वाजवली. “उरलं! संपला नेम!”

“थांब गे. मागच्या वर्षीं सरकारनं काय केलं?” चंद्रमतीबाईंनी शिगेवर ताटली उपडी घातली. “पांढरा तांदूळ बाहेर पाठवायचा नाहीं. दार बंद.”

तेव्हा अमेरिकेहून त्यांच्या लेकाचा, श्रीकरचा फोन आला होता. ‘अम्मा, इथं एका घराला एकच पोतं देतात. रांगेत उभा आहे मी!’ तो हसत होता. चंद्रमतीबाईंनाही क्षणभर ऊर भरून आल्यासारखं झालं, आतां जग आपल्यासाठी रांग लावतं. मग त्यांना उन्हात आळीपाळीनं उचलले जाणारे आईचे पाय आठवले आणि त्यांनी फोन लवकर ठेवला.

“पण आंत शीग तर आहे ना?” शांभवी हट्टाला पेटली. “म्हणजे उरलंच!”

“तुझ्या डब्यांत इडली उरली, शेजारची मुलगी भुकेली आहे, आणि तूं झाकणच उघडलं नाहींस. तर?”

शांभवीनं उपड्या ताटलीकडे बघितलं. “तर ती उरली नाही. लपवली.”

चंद्रमतीबाईंनी तिच्या डोक्यावर टपली मारली. वर्गात उत्तर बरोबर आल्यावर देतात तशी.

त्याच आठवड्यात श्रीकरचा पुन्हा फोन आला. “अम्मा, बातमी बघितलीस? बंदी उठली!”

चंद्रमतीबाई खुर्चीत बसल्या. “पक्कं? पुन्हां लावणार नाहींत ना?”

“लावतीलही. पाऊस कुणाच्या हातात आहे? पण आज दार उघडं आहे.”

“आज,” त्या म्हणाल्या. कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी करवंटी काढली. आईच्या बोटांनी तिची कड काळी गुळगुळीत झाली होती. “शांभवी, तांदूळ भिजत घाल. कच्चा घे गे, उकडा नको. कोलम आहे, इडली नव्हे!”

दुसऱ्या दिवशी पहाटे ठिपके शांभवीनं मांडले, रेघ चंद्रमतीबाईंनी ओढली. आईच्या माहेरी काढत ते कमळ. उंबऱ्यापासून निघालं ते गल्लीच्या मध्यापर्यंत फुललं. पाठ दुखत होती, पण हात थांबेना.

राजम झाडू घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. वाकून तिनं बोट टेकवलं, जिभेला लावलं.

“मामी! पीठ!”

“आज तुझ्या मुंग्यांस इकडे जेवण सांगितलंय,” चंद्रमतीबाई म्हणाल्या. “माझ्याकडे लग्नाची पंगत आहे असं समज.”

“कुणाचं लग्न?”

“देशाचं!” शांभवी ओरडली, आणि राजम इतक्या मोठ्यानं हसली की शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या.

ऊन वर आलं तशी राजमच्या दारातून एक बारीक काळी रांग निघाली आणि गल्ली ओलांडून कमळाकडे आली. शांभवी कमरेवर हात देऊन राखण करत होती. मोपेडवाल्यांना ती तमिळमध्ये दटावत होती, “अंकल, कडेनं! जेवतायत त्या!”

दुपारपर्यंत मुंग्यांनी कमळाची एक पाकळी नेली. कोलम जरा फिसकटलं तरी पुन्हा वाकून नीट करणाऱ्या चंद्रमतीबाई, आईची करवंटी मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिल्या. ती पाकळी त्यांनी पुन्हा काढली नाही.